परवाना क्रमांक १

स्मरणिकेसाठी मनावर ठसलेल्या एका थोर व्यक्तीवर लिहा, असा संयोजकांचा निरोप आला. आपल्या तुकडीतले बरेच जण यंदा निवृत्त होत आहेत. म्हणून मी जे. आर. डी. टाटा यांना निवडले, पण उद्योगपती टाटांना नव्हे, वैमानिक टाटांना.

त्यांचा जन्म २९ जुलै १९०४ रोजी पॅरिसला झाला. फ्रान्सच्या किनाऱ्यावर हार्देलो येथे सुट्टी घालवताना, इंग्लिश खाडी विमानाने ओलांडणारे लुई ब्लेरिओ त्यांचे शेजारी असत. पंधराव्या वर्षी ते प्रथम विमानात बसले आणि वेड लागले ते कायमचे. मुंबईत शिकून १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांनी वैमानिकाचा परवाना मिळवला. भारतात दिला गेलेला तो पहिला परवाना, क्रमांक १.

तेव्हा शिकायचे ते मॉथ जातीच्या दुपंखी विमानावर. लाकडी सांगाडा, त्यावर ताणलेले कापड, वरच्या-खालच्या पंखांमध्ये तारा. पुढेमागे दोन उघड्या बैठका, शिक्षकाशी बोलायला एक नळी. ब्रेक नाहीत, पुढचा पंखा हाताने फिरवून इंजिन सुरू करायचे. वेग ताशी सुमारे १३५ किलोमीटर. आज आपल्या समृद्धी महामार्गावरची मोटार फार मागे राहणार नाही! मग त्यात एवढी गोडी कसली? वारा थेट तोंडावर, खाली रूळ आणि नद्या पाहून वाट शोधायची, आणि हात जरा चुकला की विमान लगेच सांगणार. सगळे स्वतः करायचे, यातच ती गोडी होती.

आगाखानांनी भारत-इंग्लंड प्रवास एकट्याने करणाऱ्या पहिल्या भारतीयासाठी ५०० पौंडांचे बक्षीस लावले. १९३० मध्ये जे. आर. डी. जिप्सी मॉथ घेऊन कराचीहून निघाले. इजिप्तमध्ये अबुकीरला समोरून येणारे प्रतिस्पर्धी अस्पी इंजिनिअर स्पार्क प्लगअभावी अडकलेले भेटले. जे. आर. डीं.नी आपल्याजवळचा प्लग काढून दिला. अस्पी काही तासांनी आधी पोहोचले आणि जिंकले. पुढे तेच भारताचे हवाईदलप्रमुख झाले.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डीं.नी एकपंखी पुस मॉथमधून कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला जुहूपर्यंत टपाल आणले. त्यातूनच एअर इंडिया उभी राहिली. १९५३ मध्ये तिचे राष्ट्रीयीकरण झाले, तरी अध्यक्ष तेच राहिले. १९७८ मध्ये सरकारने त्यांना त्या पदावरून दूर केले.

खरी गोष्ट त्यानंतरची. १९८२ मध्ये, पहिल्या टपाल उड्डाणाला पन्नास वर्षे झाली तेव्हा, ७८ व्या वर्षी त्यांनी लेपर्ड मॉथ घेऊन तोच कराची-मुंबई प्रवास पुन्हा केला. आपला जालना जिल्हा तेव्हा दीड वर्षाचा होता आणि आपण नववीत होतो. भूगोलाच्या सरांनी वर्तमानपत्र वर्गात आणून नकाशावर ती वाट दाखवली होती, आठवते ना?

१९९२ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हात त्यांचे निधन झाले.

सरकारने दिलेली खुर्ची सरकारने काढून घेतली. दुपंखी विमानात तरुणपणी कमावलेले मात्र त्यांच्याजवळच राहिले. मी आयुष्यभर सळईच्या कारखान्यात हिशेब सांभाळले, विमानाला हातही लावला नाही. पण या महिन्यात खुर्ची सोडली आणि शाळेत शिकलेली पेटी पुन्हा उघडली. संमेलनात प्रत्येकाला विचारणार आहे, तुमच्याजवळ काय आहे?