टेबलावर राहिलेलं पत्र

समजा, तुम्हाला पहिली नोकरी लागली. नियुक्तीपत्रावर सही झाली, शिक्काही बसला. पण पत्र हातात पडायच्या आत साहेब बदलले आणि नवे साहेब म्हणाले, राहू दे ते टेबलावरच. मग नोकरी तुमची की नाही? माझ्यासारख्या इंटर्नची तर या प्रश्नाने झोपच उडेल. पण अशाच एका टेबलावर राहिलेल्या पत्रावरून अमेरिकेच्या न्यायव्यवस्थेचा पाया पक्का झाला. गंमत म्हणजे ते पत्र वेळेत पोहोचवू न शकलेला मंत्री आणि पुढे त्या खटल्याचा निकाल देणारा न्यायाधीश ही एकच व्यक्ती होती. तिचं नाव जॉन मार्शल.

मार्शल यांचा जन्म २४ सप्टेंबर १७५५ चा, व्हर्जिनियाच्या रानातला. लाकडी ओंडक्यांचं घर, १५ भावंडं आणि त्यात हे थोरले. शाळेत फारसं जाणं झालंच नाही, वडिलांनीच घरी शिकवलं. विशीत आले तर समोर स्वातंत्र्ययुद्ध. १७७७-७८ चा हिवाळा त्यांनी व्हॅली फोर्जच्या छावणीत, वॉशिंग्टन यांच्या सैन्यात काढला. थंडी, उपासमार, आजार असं सगळं पाहिलं. १३ राज्यांची १३ तोंडं १३ दिशांना असली, की सैन्याला साधी रसदही मिळत नाही, हे तिथे कळलं. देश एकत्र बांधणारं मजबूत केंद्र हवं, हा विचार तेव्हापासून डोक्यात बसला तो कायमचा.

आता कायद्याचं शिक्षण किती, सांगा पाहू? १७८० मध्ये विल्यम अँड मेरी कॉलेजात जॉर्ज विथ यांच्याकडे ऐकलेली काही आठवड्यांची व्याख्यानं. बस्स! बाकी सगळं रिचमंडमध्ये वकिली करता करता शिकले. माणूस एकदम साधा, कपड्यांकडे लक्षच नाही. रिचमंडच्या बाजारात एका नवख्या तरुणाने त्यांना हमाल समजून आपली टर्की कोंबडी घरापर्यंत वाहायला लावली आणि सरन्यायाधीश साहेब मुकाट्याने पोहोचवून आले, असा किस्सा तिथे सांगतात.

१८०१ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन अ‍ॅडम्स निवडणूक हरले होते, खुर्ची सोडायला काही आठवडे उरले होते. सरन्यायाधीशपद त्यांनी आधी जॉन जे यांना देऊ केलं. जे यांनी चक्क नकार दिला, कारण त्या कोर्टाला तेव्हा वजनच नव्हतं. स्वतःची इमारतही नव्हती, कॅपिटॉलमधल्या उसन्या खोलीत काम चालायचं. मग ४५ वर्षांच्या मार्शल यांच्या गळ्यात ही माळ पडली. तेव्हा ते परराष्ट्रमंत्रीही होते आणि काही आठवडे दोन्ही पदं त्यांच्याकडेच राहिली. जाता जाता अ‍ॅडम्स यांनी केलेल्या नेमणुकांच्या पत्रांवर शिक्के मारायचं कामही त्यांचंच. घाईत काही पत्रं राहून गेली. त्यातलं एक होतं विल्यम मार्बरी यांचं.

नवे राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन हे मार्शल यांचे लांबचे नातेवाईक आणि राजकारणातले पक्के विरोधक. त्यांनी ती पत्रं अडवून ठेवली. मार्बरी थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. झाली ना पंचाईत? पत्र द्या असा हुकूम सोडावा, तर सरकार तो धाब्यावर बसवणार आणि कोर्टाचं हसं होणार. सोडू नये, तर कोर्ट घाबरलं असं लोक म्हणणार.

२४ फेब्रुवारी १८०३ ला निकाल आला. मार्शल यांनी सांगितलं, की पत्रावर मार्बरींचा हक्क आहे आणि सरकार चुकलंय. पण ज्या कायद्याच्या आधारे ते थेट या कोर्टात आले, तो १७८९ च्या कायद्यातला भागच राज्यघटनेशी विसंगत आहे. आणि घटनेला धरून नसलेला कायदा हा कायदाच नव्हे. मार्बरींना पत्र काही मिळालं नाही, जेफरसनना मोडायला हुकूमही मिळाला नाही. पण संसदेचा कायदा घटनेवर घासून बघायचा अधिकार कोर्टाकडे आला. अमेरिकेच्या घटनेत हा अधिकार अशा स्पष्ट शब्दांत लिहिलेला नाही, बरं का!

बीकॉम, बीएमएसवाल्यांनो, आता तुमच्या कामाचं. १८१९ मध्ये डार्टमथ कॉलेजचा खटला आला. कॉलेजला १७६९ ची राजाची सनद होती, न्यू हॅम्पशायर राज्याला ती बदलून कॉलेज ताब्यात घ्यायचं होतं. मार्शल म्हणाले, सनद हा करार आहे, राज्याला तो मनमानी मोडता येणार नाही. खासगी कंपन्यांना यातून मोठं संरक्षण मिळालं. त्याच वर्षी त्यांनी मेरीलँड राज्याला राष्ट्रीय बँकेवर कर लावण्यापासून रोखलं. १८२४ मध्ये वाफेच्या बोटींचं प्रकरण आलं. न्यूयॉर्कने आपल्या पाण्यात बोटी चालवायचा मक्ता ठरावीक लोकांनाच दिला होता. मार्शल यांनी ठरवलं, की राज्याराज्यांतल्या व्यापारात जलवाहतूकही येते आणि त्यावर केंद्राचा कायदा वरचढ. मक्ता मोडला आणि धंद्यासाठी देश एक बाजारपेठ व्हायला लागला.

पण त्यांना देव्हाऱ्यात बसवू नका. करार आणि मालमत्ता यांचं इतकं मोल जाणणारे मार्शल स्वतः माणसांचे मालक होते. आयुष्यभर त्यांनी गुलाम बाळगले, त्यांची खरेदी-विक्री केली. गुलामांचा व्यापार निसर्गाच्या न्यायाविरुद्ध आहे हे मान्य करूनही, आंतरराष्ट्रीय कायद्याने तो बेकायदा नाही, असा निकाल त्यांनी १८२५ मध्ये दिला. हे वाचून मी बराच वेळ अडखळले. पाया घालणाऱ्याने काही माणसांना पायाबाहेरच ठेवलं होतं.

आणि कोर्टाची मर्यादाही त्यांनी पाहिली. १८३२ मध्ये त्यांनी निकाल दिला, की चेरोकी लोकांच्या भूमीवर जॉर्जिया राज्याचे कायदे चालणार नाहीत. पण राज्य बधलं नाही आणि राष्ट्राध्यक्ष जॅक्सन यांनीही चेरोकींना वाचवलं नाही. ६ जुलै १८३५ ला फिलाडेल्फियात मार्शल वारले, तेव्हा ते ३४ वर्षं सरन्यायाधीश होते. १८३८ मध्ये चेरोकींना बळाने हाकलण्यात आलं आणि हजारो लोक मेले. निकाल कागदावर राहिला.

तुम्ही म्हणाल, आपला काय संबंध? २०१२ मध्ये एका फेसबुक पोस्टवरून पालघरच्या दोन मुलींना अटक झाली होती, आठवतंय? माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ते कलम ६६ अ सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये घटनाबाह्य ठरवून रद्द केलं. आपल्या घटनाकारांनी हा अधिकार गृहीत धरला नाही, मूलभूत हक्कांच्या आड येणारा कायदा रद्दबातल ठरेल, हे कलम १३ मध्ये स्पष्ट लिहून ठेवलं. मार्शल यांना जे निकालातून मिळवावं लागलं, ते आपल्याला लिहून मिळालंय. फक्त ते पाळणारं सरकार आणि पाळायला लावणारे आपण, दोघंही जागे हवेत. नाहीतर पत्र टेबलावरच राहतं.