डोळ्यासमोर तरंगणारे ठिपके आणि पुठ्ठ्याचं यंत्र बनवणारा हेल्महोल्ट्झ

मोबाईलवर पांढरं पान उघडलं की एखादा धागा किंवा ठिपका तरंगताना दिसतो का? बोटाने पुसून जात नाही, नजर फिरवली की तोही सरकतो. तो स्क्रीनवर नसतोच. डोळ्याच्या आत जेलीसारखा पदार्थ असतो. त्यातले बारीक तंतू एकत्र चिकटतात आणि त्यांची सावली मागच्या पडद्यावर, म्हणजे रेटिनावर पडते. हेच फ्लोटर्स. बहुतेक वेळा निरुपद्रवी, पण कधीकधी रेटिना फाटल्याची खूण. फरक कसा कळणार? आत बघून. आणि १८५० पर्यंत जिवंत डोळ्याच्या आतलं नीट बघायची सोयच नव्हती.

ती सोय केली हर्मान हेल्महोल्ट्झने. जन्म १८२१, जर्मनीतलं पॉट्सडॅम. वडील शिक्षक, पगार बेताचा. पोराला वेड फिजिक्सचं, पण त्यासाठी पैसे कुठले? मग सरकारी खर्चाने डॉक्टर व्हायचं आणि बदल्यात लष्करात नोकरी करायची, हे त्याने पत्करलं. नोकरीत असतानाच त्याने ऊर्जा नष्ट होत नाही यावर निबंध लिहिला. नामांकित नियतकालिकाने तो नाकारला, तेव्हा १८४७ मध्ये पुस्तिका म्हणून छापला.

पुढे क्योनिग्सबर्गला प्राध्यापक झाल्यावर वर्गात शिकवायची तयारी करताना तो एका साध्या प्रश्नावर अडला: बाहुली काळी का दिसते? उजेड आत जातो आणि आला त्याच वाटेने परत येतो. तो बघायला त्या वाटेवर डोळा न्यावा, तर आपलंच डोकं उजेड अडवतं! उपाय म्हणून त्याने काच तिरकी धरली. बाजूच्या दिव्याचा उजेड काचेवरून डोळ्यात जातो, आणि आपण त्याच काचेतून आरपार बघतो. पुठ्ठा, चष्म्याची भिंगं, सूक्ष्मदर्शकाच्या पातळ काचा, एवढ्यावर यंत्र तयार. १८५१ मध्ये त्याने त्याची माहिती छापली. (असंच यंत्र आधी चार्ल्स बॅबेजने बनवलं होतं, तोच कॉम्प्युटरवाला. पण ज्या डॉक्टरला दाखवलं त्याने मनावर घेतलं नाही.)

बर्लिनच्या फॉन ग्रेफेसारख्या नेत्रतज्ज्ञांनी ते लगेच उचललं, आणि सुटलेला रेटिना प्रत्यक्ष दिसू लागला.

हेल्महोल्ट्झ मात्र शेवटी फिजिक्सकडेच वळला. त्याचा विद्यार्थी हर्ट्झ, ज्याने रेडिओ लहरी दाखवून दिल्या. १८९४ मध्ये हेल्महोल्ट्झ गेला.

आता तुमच्या ठिपक्यांचं. जुने, मोजके असतील तर मेंदू हळूहळू दुर्लक्ष करायला शिकतो. स्क्रीनचा ब्राइटनेस कमी केला, डार्क मोड लावला की ते कमी जाणवतात. पण अचानक ठिपक्यांचा पाऊस, विजेसारखे चमकारे किंवा कडेने काळा पडदा आल्यासारखं झालं, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जा. चष्म्याचा मायनस नंबर मोठा असेल तर जास्तच जपा.