अशक्यातून नियम शोधणारा कार्नो

विज्ञान म्हणजे अशक्य ते शक्य करून दाखविणारी विद्या, अशी आपणा कलाशाखेच्या विद्यार्थ्यांची समजूत असते. परंतु काय कधीच घडणार नाही, हे ठामपणे सांगणे हेही विज्ञानाचेच कार्य आहे. ते करून दाखविणाऱ्या सादी कार्नोचे नाव मात्र एका कवीवरून ठेवलेले होते!

१ जून १७९६ रोजी पॅरिस येथे त्याचा जन्म झाला. वडील लाझार कार्नो हे गणितज्ञ आणि राज्यक्रांतीच्या सेनेचे संघटक. शिराझच्या सादी या फारसी कवीचे नाव त्यांनी मुलाला दिले. १८१२ मध्ये सादी एकोल पॉलिटेक्निकमध्ये दाखल झाला. १८१४ मध्ये पॅरिसच्या रक्षणासाठी सहाध्यायांबरोबर लढलाही. नेपोलियनच्या पाडावानंतर वडिलांना देश सोडावा लागला. १८२३ मध्ये ते परमुलखातच निवर्तले. सादी सैन्यात अभियंता झाला, पण तेथे त्याचे मन रमले नाही.

वाफेच्या यंत्रांत इंग्लंड त्या काळी फ्रान्सच्या पुढे होते. यंत्र सुधारीत गेल्यास त्याला काही मर्यादा आहे की नाही, हा प्रश्न सादीने धरला आणि १८२४ मध्ये एक छोटेखानी पुस्तक प्रसिद्ध केले. त्याचा युक्तिवाद असा : आदर्श यंत्र उलटेही चालविता येते. त्याहून सरस यंत्र असते, तर दोन्ही जोडून अखंड फुकटचे काम मिळाले असते. ते अशक्य, म्हणून सरस यंत्रही अशक्य. यंत्र वाफेचे असो वा हवेचे, मर्यादा ठरते ती दोन टोकांच्या तापमानांवरून. आजच्या हिशेबाने १०० व ३० अंश सेल्सिअस यांमध्ये चालणारे यंत्र उष्णतेच्या सुमारे १९ टक्क्यांहून अधिक भागाचे काम करू शकत नाही.

उष्णता हा अविनाशी द्रव आहे, हे त्याचे गृहीत चुकीचे होते. निष्कर्ष मात्र टिकला. पुढील टिपणांत तो स्वतःच ती समजूत सोडू लागला होता. परंतु २४ ऑगस्ट १८३२ रोजी पटकीने त्याला गाठले. वय अवघे ३६. साथीच्या भीतीने त्याची पुष्कळ कागदपत्रेही नष्ट झाली.

पुस्तकाकडे हयातीत फारसे कोणी वळले नाही. १८३४ मध्ये क्लापेरॉनने ते पुढे आणले. क्लाउसियस व केल्विन यांनी त्यातूनच उष्मागतिकीचा दुसरा नियम घडविला. उरलेली टिपणे भावाने १८७८ मध्ये छापली.

एका 'नाही'मधून एवढे शास्त्र उभे राहिले. मर्यादा ओळखणे म्हणजे हार मानणे नव्हे, हे या अल्पायुषी अभियंत्याकडून आपणही शिकावे.