उमेदवार फॅरडे

शाळेचा शेवटचा निकाल हातीं पडला कीं, अर्ज कोठें करावा, कोणास भेटावें व आपणांपाशीं दाखविण्यासारखें काय आहे, या विवंचनेंत विद्यार्थी आणि त्यांचे पालक पडतात. अशा वाचकांपुढें आम्ही मायकेल फॅरडे या थोर शास्त्रज्ञाच्या आयुष्याचा आरंभ ठेवीत आहों. कारण एके काळीं तोही नोकरीच्या शोधांत असलेला एक गरीब उमेदवारच होता.

फॅरडेचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजीं लंडनजवळ झाला. बाप लोहार, तोही प्रकृतीनें अशक्त. लिहिणें, वाचणें व जुजबी गणित एवढेंच शिकून मुलगा रिबो नांवाच्या पुस्तकविक्याच्या दुकानीं लागला व १८०५ पासून सात वर्षें त्यानें पुस्तकबांधणीची उमेदवारी केली. बांधावयास आलेलीं पुस्तकें तो वाचून काढी. विश्वकोशांतील विजेवरचा लेख आणि जेन मार्सेट या बाईंचें रसायनशास्त्रावरील पुस्तक यांनीं त्यास शास्त्राची गोडी लागली. शास्त्रविषयक व्याख्यानांस एक शिलिंग पडे. तो वडील भाऊ रॉबर्ट देत असे. ऐकलेलें सर्व तो नीट लिहून ठेवी, व आकृत्या सुबक याव्यात म्हणून चित्रकलाही शिकला.

१८१२ सालीं दुकानाच्या एका गिऱ्हाइकानें त्यास रॉयल इन्स्टिट्यूशनमधील सर हंफ्री डेव्ही यांच्या चार व्याख्यानांचीं तिकिटें दिलीं. फॅरडेनें त्यांचीं टिपणें विस्तारून, आकृत्या काढून व स्वतः बांधून त्यांचा एक ग्रंथच केला. रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांजकडे त्यानें शास्त्रविषयक काम मागितलें होतें. त्यांचें उत्तर आलें नाहीं. तेवढ्यानें न खचतां त्यानें डिसेंबरांत डेव्हींस पत्र लिहिलें व सोबत टिपणांची ती वही पाठविली. ह्या खेपेस नुसती विनंती गेली नाहीं, तर हाताच्या कामाचा नमुनाही गेला.

डेव्हींनीं भेट दिली. परंतु जागा रिकामी नव्हती, म्हणून बांधणीचा धंदा न सोडण्याचाच उपदेश केला. थोड्याच दिवसांत प्रयोगशाळेंतील साहाय्यकास भांडणापायीं काढून टाकावें लागलें. तेव्हां डेव्हींस ह्या तरुणाची आठवण झाली. १ मार्च १८१३ रोजीं त्याची नेमणूक झाली : आठवड्यास पंचवीस शिलिंग, व राहावयास माडीवर दोन खोल्या. काम उपकरणें मांडण्याचें व स्वच्छ ठेवण्याचें. त्याच संस्थेंत पुढें १८३१ सालीं त्यानें विद्युत्प्रवर्तनाचा शोध लाविला, आणि आज वीजकेंद्रांतील जनित्रें त्याच तत्त्वावर फिरतात. २५ ऑगस्ट १८६७ रोजीं तो निवर्तला.

कोणी म्हणेल कीं, जागा दैवयोगानें रिकामी झाली. तें खरेंच, जागा रिकामी करणें उमेदवाराच्या हातीं नसतें. परंतु ती रिकामी होतांच आपलें नांव आठवावें, इतकी तयारी आधीं करून ठेवणें त्याच्या हातीं असतें. विद्यार्थ्यांनो, अर्जासोबत कोणती वही जोडतां येईल, याचा विचार आजच करा. आणि पालकहो, मुलाच्या अभ्यासासाठीं दिलेला एक शिलिंग कोठवर पोहोंचतो, हें रॉबर्ट फॅरडेस तरी त्या वेळीं कोठें ठाऊक होतें!