आनंदीबाई जोशी

डॉ. आनंदीबाई गोपाळराव जोशी (३१ मार्च १८६५ – २६ फेब्रुवारी १८८७) या पाश्चात्त्य वैद्यकशास्त्राची पदवी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिलांपैकी एक होत. त्यांच्या कर्तृत्वाइतकेच त्यांचे बालपणही अभ्यासाचा विषय ठरले आहे. लहान वयात त्यांनी सोसलेल्या मारहाणीचे उल्लेख त्यांच्या स्वतःच्या पत्रांत आढळतात.

बालपण

आनंदीबाईंचा जन्म पुणे येथे झाला. माहेरचे नाव यमुना. वडील गणपतराव जोशी हे कल्याणचे जमीनदार होते. वडिलांचे त्यांच्यावर प्रेम होते. आईची वागणूक मात्र कठोर होती. आईने कधी मायेने जवळ घेतले नाही, शिक्षा करताना काठ्या, दगड, एवढेच नव्हे तर जळते निखारेही वापरले, असे आनंदीबाईंनी पुढे आपल्या अमेरिकन स्नेही थिओडिशिया कार्पेंटर यांना कळवले होते.

विवाह व छळ

१८७४ मध्ये, वयाच्या नवव्या वर्षी, त्यांचा विवाह गोपाळराव जोशी यांच्याशी झाला. गोपाळराव विधुर, वयाने बरेच मोठे व टपाल खात्यात नोकरीस होते. पत्नीला शिकवण्याचा त्यांचा ध्यास प्रसिद्ध आहे. परंतु त्या ध्यासाला हिंसेची जोड होती. दहाव्या वर्षी लाकडाचा मार, बाराव्या वर्षी अंगावर फेकलेल्या खुर्च्या व पुस्तके आणि त्याच वयात दिलेली टाकून देण्याची धमकी, या गोष्टींची आठवण आनंदीबाईंनी अमेरिकेतून पतीला लिहिलेल्या पत्रात करून दिली आहे. अंतिम हेतूच्या दृष्टीने ती वागणूक योग्य वाटली, तरी बालमनावर होणाऱ्या परिणामांचा विचार करता ती चुकीची होती, असा निर्वाळाही त्यांनी दिला. स्त्रीला मुकाट्याने सोसण्यावाचून गत्यंतर नसते, हेही त्यांनी पतीला बजावले.

चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला; वैद्यकीय उपचारांअभावी तो दहा दिवसांतच दगावला. या दुःखातून वैद्यक शिकण्याचा त्यांचा निश्चय दृढ झाला. त्या काळी कायद्याने मुलीचे संमतिवय अवघे १० वर्षे होते. ते १२ वर्षे करणारा कायदा १८९१ मध्ये, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर झाला.

वैद्यकीय शिक्षण

२४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर (बंगाल) येथे जाहीर भाषण करून त्यांनी परदेशगमनामागची भूमिका मांडली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्या पतीविना कलकत्त्याहून निघाल्या व फिलाडेल्फियातील विमेन्स मेडिकल कॉलेजमध्ये दाखल झाल्या. हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना एम.डी. पदवी मिळाली. पदवीदान समारंभास पंडिता रमाबाई उपस्थित होत्या.

अखेर

कोल्हापूर संस्थानाने अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री-विभागासाठी त्यांची नेमणूक केली होती. परंतु क्षयाने ग्रासल्यामुळे त्यांना ते काम करता आले नाही. वयाची २२ वर्षे पूर्ण होण्याआधीच पुणे येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या अस्थी अमेरिकेत कार्पेंटर कुटुंबाकडे पाठवण्यात आल्या.

चरित्रे व मूल्यमापन

कॅरोलिन हिली डॉल यांनी १८८८ मध्ये इंग्रजीत व पुढे काशीबाई कानिटकर यांनी मराठीत त्यांचे चरित्र लिहिले. श्री. ज. जोशी यांची 'आनंदी गोपाळ' ही कादंबरीही लोकप्रिय आहे. गोपाळरावांच्या कठोरपणामुळेच आनंदीबाई घडल्या, असे पूर्वी सर्रास मानले जाई. मीरा कोसंबी यांच्यासारख्या अभ्यासकांनी मात्र आनंदीबाईंची पत्रे पुढे आणून, शिक्षणाचे ऋण आणि छळाची वेदना या दोन्हींची स्वतंत्र नोंद खुद्द आनंदीबाईंनीच केली होती, याकडे लक्ष वेधले.