हाफकिन, मुलकोवाल आणि लसीचा हिशेब

परळच्या हाफकिन संस्थेवरून रोज हजारो माणसे ये-जा करतात. परंतु ज्यांच्या नावाने ती ओळखली जाते, त्या वाल्देमार हाफकिन यांना लसीच्या सुरक्षिततेवरून उठलेल्या एका वादात आयुष्यातील ऐन कर्तृत्वाची वर्षे गमवावी लागली, हे त्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. लसीमुळे रक्तात गुठळ्या होतात काय, हा प्रश्न २०२१ पासून आपल्याकडे घरोघरी चर्चिला गेला. त्या चर्चेत भीती पुष्कळ होती, विश्वासाचे आवाहनही पुष्कळ होते. उणीव होती ती हिशेबाची. म्हणूनच या शास्त्रज्ञाचे चरित्र पुन्हा डोळ्यांखालून घालणे उद्बोधक ठरेल.

हाफकिन यांचा जन्म १८६० मध्ये रशियन साम्राज्यातील एका ज्यू कुटुंबात झाला. ओडेसा येथील विद्यापीठात मेचनिकॉव्ह या थोर जीवशास्त्रज्ञाच्या हाताखाली त्यांनी अध्ययन केले. राजकीय चळवळीशी असलेल्या संबंधांमुळे ते झारशाहीच्या पोलिसांच्या नजरेत आले होते, आणि ज्यू असल्यामुळे स्वदेशी विद्यापीठात उत्कर्षाची आशा नव्हती. प्रथम जिनिव्हा आणि तेथून १८८९ मध्ये पॅरिस असा त्यांचा प्रवास झाला. पाश्चर संस्थेत त्यांना प्रारंभी काम मिळाले ते ग्रंथालयात. तेथेच संशोधन करून त्यांनी पटकीची लस तयार केली आणि १८ जुलै १८९२ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुढच्याच वर्षी ते हिंदुस्थानात आले.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. सरकारने हाफकिन यांना मुंबईस पाचारण केले. ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातील अपुऱ्या जागेत, तुटपुंज्या साहाय्यावर त्यांनी अवघ्या तीन महिन्यांत प्लेगची लस सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःच्या शरीरावर तिची परीक्षा घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा जे कैदी पुढे आले त्यांना लस टोचण्यात आली. न टोचलेल्यांपैकी बारा जणांस प्लेग झाला व सहा दगावले; टोचलेल्यांपैकी दोघे आजारी पडले, मृत्यू एकही नाही. कैद्याची संमती कितपत खुशीची असते, हा प्रश्न आजच्या वाचकाच्या मनात येईल व तो योग्यच आहे.

हाफकिन यांचे वेगळेपण लसीइतकेच त्यांच्या मोजणीत आहे. बडोद्याजवळच्या उंडेरा गावी १८९८ मध्ये त्यांनी घरोघरची निम्मी माणसे टोचली व निम्मी तशीच ठेवली. न टोचलेल्या ६४ जणांपैकी २७ जणांस प्लेग झाला व २६ मरण पावले. टोचलेल्या ७१ जणांपैकी आठ आजारी पडले व तिघे मरण पावले. हे तीन मृत्यू त्यांनी लपविले नाहीत. लस घेऊनही माणूस मरू शकतो, हे मान्य करूनच लसीचे मोल सिद्ध होते, ही त्यांची भूमिका होती.

मात्र लोकांचा विश्वास केवळ आकड्यांनी मिळत नसतो. त्याच सुमारास पुण्यात प्लेग निवारणाच्या नावाखाली घरात शिरून झडत्या चालल्या होत्या. त्या संतापाची परिणती २२ जून १८९७ रोजी रँडवरील गोळीबारात झाली. सरकारी बंदुकीच्या सावलीत आलेली सुईही लोकांना संशयास्पद वाटावी, यात नवल नव्हते. ती भीती ओसरावी म्हणून तिसरे आगाखान यांनी अनुयायांसमक्ष स्वतः लस टोचून घेतली. १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये प्लेग प्रयोगशाळा सुरू झाली आणि तेथून लाखो मात्रा बाहेर पडू लागल्या.

आणि मग मुलकोवाल घडले. पंजाबातील या खेड्यात ३० ऑक्टोबर १९०२ रोजी १०७ जणांना लस टोचण्यात आली. त्यांपैकी एकाच बाटलीतून टोचलेल्या एकोणीस जणांना धनुर्वात झाला व ते सर्व मृत्युमुखी पडले. बाकीच्या बाटल्यांतून टोचलेल्यांना काहीही झाले नाही. मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला गेला. हाफकिन यांनी उत्पादन वाढावे म्हणून लसीत कार्बॉलिक आम्ल घालण्याची पद्धत बंद केली होती, त्यामुळे संशयाचा रोख परळकडे वळला. बाटली उघडण्यापूर्वीच दूषित झाली असावी, असा निष्कर्ष निघाला. हाफकिन पदावरून दूर झाले आणि १९०४ मध्ये हिंदुस्थान सोडून गेले.

वस्तुतः चौकशीच्या साक्षीपुराव्यातच वेगळी दिशा दाखविणारी एक गोष्ट होती. बाटलीचे बूच काढण्याचा चिमटा मदतनीसाच्या हातून जमिनीवर पडला होता, आणि तो पुरेसा निर्जंतुक न करताच वापरला गेला. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात. शिवाय ते बाटलीत आधीपासून वाढले असते, तर उघडताना दुर्गंधी आली असती. तशी आली नव्हती. मलेरियाच्या संशोधनाबद्दल नोबेल पारितोषिक मिळविलेले रोनाल्ड रॉस आणि अन्य तज्ज्ञांनी १९०७ मध्ये लंडनच्या टाइम्समध्ये पत्र लिहून हा पुरावा जगापुढे मांडला. अखेर त्याच वर्षी हाफकिन दोषमुक्त झाले. ते परतले ते कलकत्त्यास. परळची प्रयोगशाळा त्यांना पुन्हा मिळाली नाही. १९२५ मध्ये तिला त्यांचे नाव देण्यात आले. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले.

या चरित्रातून निघणारा बोध दुहेरी आहे. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला अंश आणि छेद दोन्ही पाहण्याची सवय असते. एकोणीस हा अंश भयंकर होता. पण लाखोंचा छेद विसरून संपूर्ण लसीला दोषी ठरविणे चुकीचे होते. उलट छेद मोठा आहे म्हणून अंशाकडे दुर्लक्ष करणे हाही तितकाच मोठा अन्याय होय, कारण ज्या घरातले माणूस जाते त्या घरापुरते प्रमाण शंभर टक्केच असते.

अॅस्ट्राझेनेकाच्या लसीबाबत नेमका हाच प्रसंग आला. हीच लस पुण्याच्या सीरम संस्थेने कोव्हिशिल्ड या नावाने बनविली. २०२१ च्या मार्चमध्ये युरोपातील अनेक देशांनी ती काही काळ थांबविली. रक्तात गुठळ्या व त्याच वेळी प्लेटलेटची घट, असा हा विलक्षण व अत्यंत विरळ विकार होता. लसीशी त्याचा संबंध युरोपीय औषध नियामकांनी एप्रिलमध्ये मान्य केला, आणि ब्रिटनने तरुणांना दुसरी लस देण्याचे धोरण स्वीकारले. आपल्या राष्ट्रीय समितीने मे महिन्यात ४९८ गंभीर घटना तपासून गुठळ्यांची २६ संभाव्य प्रकरणे नोंदविली. हे प्रमाण दहा लाख मात्रांमागे ०.६१ इतके होते. म्हणजे माहिती जाहीर होती. तरीही २०२४ मध्ये कंपनीने ब्रिटिश न्यायालयात हा दुष्परिणाम मान्य केल्याची बातमी आली, तेव्हा ती अनेकांना फुटलेल्या गुपितासारखी वाटली. सरकारी पत्रकात असणे आणि लस घेणाऱ्याला त्याच्या भाषेत समजणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

लसीचा लाभ साऱ्या समाजात वाटला जातो. तिची दुर्मीळ हानी मात्र एखाद्याच कुटुंबावर कोसळते. तेव्हा त्या हानीचा भारही समाजानेच उचलावा, हे न्यायाचे आहे. ब्रिटनने १९७९ मध्ये अशा भरपाईसाठी स्वतंत्र कायदा केला. दोष कोणाचा हे सिद्ध होईपर्यंत कुटुंबाला ताटकळत ठेवायचे नसेल, तर ही तरतूद साथीच्या आधीच करावी लागते. मुलकोवालमध्ये खरा पुरावा जगापुढे मांडला जाण्यास जवळजवळ पाच वर्षे लागली. तेवढ्या काळात एका निरपराध शास्त्रज्ञाचे काम थांबले, आणि प्लेग मात्र थांबला नव्हता.