Explained : पगार नाही, पद नाही, तरी हजारो मुलांचे ‘अण्णा’, कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत कशी उभी केली?

एकेकाळी साताऱ्यातल्या एका वसतिगृहात धान्य संपले होते. मुले उपाशी राहणार, हे दिसत होते आणि संस्थेचे प्रमुख निधीसाठी गावोगाव फिरत होते. अशा वेळी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपले मंगळसूत्र मोडायला दिले. बाकीचे दागिने त्याआधीच गेले होते. हे वसतिगृह होते कर्मवीर भाऊराव पाटील यांचे.

भाऊराव कोण होते?

22 सप्टेंबर 1887 रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे जैन शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहिले. तिथे असताना ते अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठीच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या कार्यक्रमाला गेले. परतल्यावर शुद्धीसाठी आंघोळ करण्यास त्यांनी नकार दिला आणि बोर्डिंग सोडावे लागले. पुढे राजर्षी शाहू महाराजांच्या सहवासाचा त्यांच्यावर खोल ठसा उमटला. महात्मा फुले यांच्या सत्यशोधक विचारांनी त्यांची दिशा पक्की केली.

‘डांबर प्रकरण’ काय होते?

1914 मध्ये कोल्हापुरात ब्रिटिश राजघराण्याच्या पुतळ्याला डांबर फासले गेले. या प्रकरणात अण्णासाहेब लठ्ठे यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी, यासाठी भाऊरावांवर दबाव आला. लठ्ठे हे त्याच जैन बोर्डिंगशी निगडित होते. जुना राग काढण्याची संधी समोर होती, पण भाऊराव बधले नाहीत. त्यांनी तुरुंगवास सोसला, खोटे मात्र बोलले नाहीत.

रयत शिक्षण संस्था कशी सुरू झाली?

ओगले काच कारखाना आणि किर्लोस्करांच्या नांगरांची विक्री करताना भाऊराव खेडोपाडी फिरले. शेतकऱ्याच्या घरात अक्षर पोहोचलेलेच नाही, हे त्यांनी जवळून पाहिले. 4 ऑक्टोबर 1919 रोजी कराड तालुक्यातील काले येथे संस्थेची स्थापना झाली. 1924 मध्ये मुख्यालय साताऱ्याला आले आणि तिथे छत्रपती शाहूंच्या नावाने वसतिगृह सुरू झाले. 1927 मध्ये महात्मा गांधींनी त्याला भेट दिली.

या वसतिगृहाचे वेगळेपण काय?

मराठा, महार, मांग, जैन, मुस्लिम अशा सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एकाच पंगतीत जेवत. स्वयंपाक, सफाई, शेती सारे मुलेच करत. ‘कमवा आणि शिका’ योजनेची मुळे इथलीच. लक्ष्मीबाई सोवळ्या-ओवळ्याच्या वातावरणात वाढलेल्या होत्या, तरी सर्व जातींच्या मुलांची आई झाल्या. 1930 मध्ये त्यांचे निधन झाले. याच वातावरणात वाढलेले पी. जी. पाटील पुढे बॅरिस्टर झाले आणि रयतच्याच सेवेत परतले.

शाळांचे जाळे कसे वाढले?

शाळा हव्यात तर शिक्षक हवेत, हे ओळखून 1935 मध्ये त्यांनी अध्यापक विद्यालय काढले. त्यानंतर शाळा नसलेल्या वाड्या-वस्त्यांवर शेकडो व्हॉलंटरी शाळा निघाल्या. 1940 मध्ये महाराजा सयाजीराव हायस्कूल आणि 1947 मध्ये साताऱ्याचे छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले. या कॉलेजचे नाव बदलण्याच्या अटीवर एकाने मोठी देणगी देऊ केली होती, ती भाऊरावांनी नाकारली, असे सांगितले जाते.

सरकारशी संघर्ष का झाला?

गांधीहत्येनंतरच्या काळात भाऊरावांनी सरकारवर केलेल्या टीकेवरून संस्थेचे अनुदान बंद झाले. त्यांनी शब्द मागे घेण्याऐवजी लोकांकडे हात पसरले आणि खेड्यांनी पैसे, धान्य देऊन शाळा जगवल्या. पुढे अनुदान पुन्हा सुरू झाले.

आज त्यांच्याकडे कसे पाहायचे?

खादीचे कपडे, अनवाणी पाय आणि सतत पायपीट, असे त्यांचे आयुष्य होते. 1959 मध्ये पद्मभूषण आणि पुणे विद्यापीठाची मानद डी.लिट. मिळाली. त्याच वर्षी 9 मे रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांनी ना निवडणूक लढवली, ना मोठे पद घेतले. स्वतःच्या घरापासून सुरुवात केली, म्हणून लोकांनी विश्वास ठेवला आणि मूठभर धान्यही दिले. वटवृक्ष हे रयतचे बोधचिन्ह आहे. त्याच्या पारंब्या आज महाराष्ट्राबाहेर कर्नाटकातही पोहोचल्या आहेत आणि साताऱ्यातील विद्यापीठाला त्यांचेच नाव आहे.